घोड्याचे म्हातारपण



वसंतातील व्याख्यानांत राजांचा, संतांचा आणि ग्रंथांचा इतिहास आपण पुष्कळ ऐकता. आज आम्ही एका जनावराच्या दुखण्याचा इतिहास सांगावयास उभे आहो. घोड्याच्या शरीरातील काही लहानशा ग्रंथी, त्यांतून रक्तात मिसळणारे स्राव, त्या स्रावांचा बिघाड आणि तो बिघाड ओळखू लागलेले पशुवैद्यक, हा आमचा विषय. कामगार संघटनेत आयुष्य घालविलेल्या माणसाने घोड्याच्या ग्रंथींवर बोलावे याचे काहींना नवल वाटेल. पण आमच्या धंद्याने आम्हांस एक गोष्ट पक्की शिकविली आहे. रोग होणे ही एक गोष्ट आणि रोगाची नोंद होणे ही अगदी दुसरी गोष्ट. कापसाच्या गिरणीत वर्षानुवर्षे धूळ खाल्लेल्या माणसाची छाती भरून येई, तेव्हा त्याला विडीचा नाही तर वयाचा खोकला म्हणत. तो कापसाच्या धुळीचा रोग आहे हे नुकसानभरपाईच्या कायद्यात लिहिले जाण्यास फार काळ लोटला. ज्याच्या दुखण्याची किंमत कोणी तरी मोजतो, त्याचेच दुखणे पुस्तकात चढते. घोड्याचा इतिहास हेच सांगतो, आणि तो आपल्या नांदेड-लातूरच्या मातीला परका नाही.

आपल्याकडे देवच घोड्यावर बसलेला आहे. लोहा तालुक्यातील माळेगावी मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते, आणि तिथला घोड्यांचा व गाढवांचा बाजार दूरदूरच्या मुलखांत ठाऊक आहे. नांदेडात १७०८ साली गुरु गोविंदसिंगांनी देह ठेवला. सचखंड हुजूर साहिबाच्या पागेतील घोडे त्यांच्याच घोड्याच्या वंशातील आहेत अशी श्रद्धा आहे, आणि सणाच्या मिरवणुकीत ते मानाने पुढे चालतात. लातूर जिल्ह्यातील उदगीरला ३ फेब्रुवारी १७६० रोजी सदाशिवरावभाऊंनी निजामाचा पराभव केला, तो प्रामुख्याने घोडदळाच्या आणि तोफांच्या बळावर. पुढल्याच जानेवारीत पानिपतावर त्याच सैन्याची दाणावैरण तुटली. माणसांच्या आधी जनावरे उपाशी मरू लागली, आणि पुढे काय झाले ते आपण जाणताच.

त्या काळी घोड्याची निगा कोण राखी? मराठी फौजेत बारगीर आणि शिलेदार असे दोन वर्ग होते. बारगिराला घोडा सरकारातून मिळे. शिलेदाराचा घोडा त्याचा स्वतःचा. बारगिराचा घोडा मेला तर नुकसान सरकारचे; शिलेदाराचा मेला तर त्याची रोजीच बुडाली. आजच्या भाषेत बोलावयाचे तर एक पगारी आणि दुसरा स्वतःचे अवजार घेऊन येणारा. शिवाजी महाराजांनी १६७० च्या दशकात चिपळूणकडील छावणीतल्या अधिकाऱ्यांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. त्यात राजाने गवताच्या गंजीचा, पावसाळ्यात पुरवावयाच्या दाण्याचा, एवढेच नव्हे तर चुलीच्या आणि दिव्याच्या विस्तवाचा विचार केलेला आहे. वैरण आताच संपविली तर पावसाळ्यात घोडी मरतील, आणि मग शिपाई कुणब्याच्या घरात हात घालतील, हे त्यातले मर्म. घोड्याची भूक आणि रयतेची भूक यांचा संबंध या पत्राइतका स्वच्छपणे फार थोड्यांनी मांडला असेल.

निगेबरोबर विद्याही होती. शालिहोत्र या नावाने चालत आलेल्या अश्वशास्त्राचे फारसीत भाषांतर झाले, आणि त्या नावावरूनच घोड्याच्या वैद्यास आपण शालोत्री म्हणू लागलो. नालबंद, मोतद्दार आणि शालोत्री या तिघांनी मिळून घोड्याचे बरेच काही ओळखले होते. दाणा अती झाला की घोडा पायांवर अधू होतो, हे जुन्या जगात अनेकांना ठाऊक होते. ग्रीक लोक अशा दुखण्याला जवावरून नाव देत. खुराच्या आतला नाजूक थर सुजतो, घोडा पुढचे पाय ताणून मागच्या पायांवर भार टाकतो, आणि पाऊल उचलणे त्याला निखाऱ्यावर चालण्यासारखे होते. दुखणे दिसत होते, कारणाची दिशाही कळत होती. पण दाणा पोटात गेल्यावर खुरापर्यंत काय पोहोचते, हे कोडे सुटावयास एकविसावे शतक उजाडावे लागले.

मधल्या काळात पशुवैद्यक शाळेत जाऊन बसले. ज्या १७६१ साली पानिपत झाले, त्याच साली फ्रान्समध्ये लिऑन येथे पशुवैद्यकाची पहिली शाळा मंजूर झाली. तिचा संस्थापक क्लोद बुर्जेला हा घोडेस्वारी शिकविणारा गृहस्थ. आपल्या देशात ही विद्या इंग्रजी लष्कराच्या तबेल्यातून आली. १८८० साली सरहद्दीवरील डेरा इस्माइल खान येथे ग्रिफिथ इव्हान्स या लष्करी पशुवैद्याने सर्रा नावाच्या रोगाने खंगणाऱ्या घोड्यांच्या व उंटांच्या रक्तात वळवळणारा एक सूक्ष्म जंतू पाहिला. १८८५ साली ब्रह्मदेशात लष्कराच्या खेचरांत हाच रोग जे. एच. स्टील यांनी तपासला आणि त्या जंतूला इव्हान्स यांचे नाव दिले. पुढल्याच वर्षी, १८८६ साली, परळला मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. त्याचे पहिले प्रमुख हेच स्टील. १८८९ साली पुण्यात सरकारी जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा निघाली, ती १८९३ मध्ये हिमालयात मुक्तेश्वरला हलविली. हे सर्व मोठे काम आहे. त्याचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. पण प्रथम तपासला गेला तो पलटणीचा घोडा आणि तोफखान्याचे खेचर. टांग्याला जुंपलेल्या तट्टूची पाळी मागाहून यावयाची होती.

आपला मुलूख तर निजामाच्या राज्यात. मुंबईत महाविद्यालय निघाले तरी त्याचा उजेड नांदेडपर्यंत येण्यास मध्ये एक सरहद्द होती. १९४८ साली ती पुसली गेली. मराठवाड्यातले पहिले पशुवैद्यक महाविद्यालय परभणीस १९७२ साली निघाले आणि उदगीरला १९८७ साली. म्हणजे परळ ते उदगीर या वाटेला एकशे एक वर्षे लागली.

आता मुख्य विषयाकडे वळू. शरीरातील काही ग्रंथी आपला रस नळीवाटे बाहेर न टाकता थेट रक्तात सोडतात. तो रस रक्ताबरोबर दूरच्या अवयवापर्यंत जातो आणि त्याला हुकूम देतो: वाढ, थांब, साखर साठव, केस गाळ, माजावर ये. या रसाला १९०५ साली स्टार्लिंग या इंग्रज शास्त्रज्ञाने ‘हार्मोन’ हे नाव दिले. आपण संप्रेरक म्हणतो. मेंदूच्या तळाशी लोंबणारी पियूषिका ही या कारखान्यातली मुकादम. ती इतर ग्रंथींना कामाला लावते, आणि तिच्यावरही मेंदूचा वचक असतो.

या शास्त्राच्या उभारणीत घोडीने जे दिले ते आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. १९३० साली कॅलिफोर्नियात कोल आणि हार्ट या दोघांनी गाभण घोडीच्या रक्तात एक जबर संप्रेरक शोधून काढले. गाभ राहिल्यावर सुमारे चाळीस दिवसांनी ते दिसू लागते आणि काही आठवडे भरपूर असते. माजावर न येणाऱ्या गाईंना, मेंढ्यांना ते टोचू लागले. आपल्या हरियाणातील हिसार येथे घोड्यांच्या संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र आहे. तिथे याच संप्रेरकावरून घोडी गाभण आहे की नाही हे रक्तावरून सांगणारी चाचणी तयार झाली. त्याच १९३० साली बर्लिनच्या झोंडेक यांनी गाभण घोडीच्या मूत्रात स्त्री-संप्रेरकाचा मोठा साठा असल्याचे दाखविले. त्यातूनच पाळी थांबलेल्या स्त्रियांसाठी एक गोळी निघाली, १९४२ पासून ती अमेरिकेत विकली जाऊ लागली, आणि तिचे नावसुद्धा, प्रेमारिन, गाभण घोडीच्या मूत्राच्या इंग्रजी शब्दांतूनच जुळविलेले आहे.

ही गोळी बनावी म्हणून कॅनडात आणि अमेरिकेत हजारो घोड्या गाभणपणाचे महिनेच्या महिने अरुंद कप्प्यांत बांधून, मूत्र धरण्याची पिशवी लावून उभ्या केल्या गेल्या. २००२ साली अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीत दुसऱ्या एका संप्रेरकाच्या जोडीने ही गोळी घेणाऱ्या स्त्रियांत स्तनांच्या कर्करोगाचा व हृदयविकाराचा धोका वाढलेला आढळला, पाहणीचा तो भाग मध्येच थांबविला गेला, आणि खप घसरला. रक्तातील संप्रेरकासाठी दक्षिण अमेरिकेत व आइसलँडमध्ये गाभण घोड्यांचे रक्त काढतात. त्यावरही अलीकडे मोठा वाद झाला आहे. आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांच्या विषावरची लस अशीच घोड्याच्या रक्तातून येते. त्याला थोडे थोडे विष टोचतात, त्याचे रक्त विषाशी झुंजावयास शिकते, आणि ते रक्त शेतमजुराच्या कामी येते. परळच्या हाफकिन संस्थेने हे काम दीर्घकाळ केले. ही लस आम्हांस हवीच आहे. रात्री उसाला पाणी देणाऱ्या गड्याचा जीव तिने वाचतो. आमचे म्हणणे एवढेच की घोडा या शास्त्रात मजूर म्हणून फार लवकर आला आणि रोगी म्हणून फार उशिरा.

किती उशिरा ते पाहा. १९३२ साली अमेरिकेतील शल्यचिकित्सक हार्वे कुशिंग यांनी माणसाच्या पियूषिकेतील गाठीमुळे होणाऱ्या रोगाचे प्रसिद्ध वर्णन केले. त्याच वर्षी जर्मनीत पालास्के यांनी घोड्याच्या पियूषिकेतील गाठीची नोंद केली. माणसाचा रोग लगोलग जगभर शिकविला जाऊ लागला. घोड्याची नोंद मात्र दुर्मीळ गाठींच्या यादीत पडून राहिली. रोग खरोखर दुर्मीळ होता काय? नव्हता. वाढत्या वयात मेंदूतील ज्या तंतूंच्या वचकाखाली पियूषिकेचा मधला भाग चालतो, ते तंतू झिजतात. त्यांतून सुटणारे डोपामिन कमी पडते. वचक सुटलेला तो भाग फुगतो आणि भलतेच स्राव ओतू लागतो. मग उन्हाळा आला तरी घोड्याचे थंडीचे केस गळत नाहीत. अंगावर लांब, कुरळी लव तशीच राहते. पाठीचे मांस झडते, पोट सुटते, तो पाणी फार पितो, घाम फार येतो, जखमा भरत नाहीत, आणि पुष्कळदा खुरांना तोच जुना दाह होतो. गाढवांनाही हा रोग होतो. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंड भागातील घोड्यांची पाहणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. पंधरा वर्षे व त्यावरील वयाच्या घोड्यांत सुमारे पाचांतील एकाला हा बिघाड होता.

पाचांत एक! मग इतकी शतके तो कोणाच्या डोळ्यांत का भरला नाही? उत्तर साधे आहे. घोड्याला म्हातारा होऊ देतच नव्हते. घोडा नीट सांभाळला तर पंचवीस-तीस वर्षे जगतो. पण लढाईचा घोडा लढाईत पडे, गाडीचा घोडा रस्त्यावर झिजे, आणि काम सरले की तो विकला जाई किंवा मारला जाई. पश्चिमेत ट्रॅक्टर आणि मोटार आल्यावर घोडा मजूर राहिला नाही. तो हौसेचा सोबती झाला. मालक त्याच्यावर खर्च करू लागला, घोडा पिकल्या केसांचा होऊ लागला, आणि तेव्हा कोठे म्हातारपणाचे रोग दिसू लागले. पेरगोलाइड हे माणसाच्या कंपवातावरचे औषध डोपामिनची उणीव भरून काढते. ते माणसासाठी अमेरिकेत २००७ साली मागे घेतले गेले, कारण हृदयाच्या झडपांना त्याने अपाय होई. घोड्याला मात्र त्याचा गुण येई, आणि २०११ साली तेथे त्यास घोड्यांसाठी रीतसर मान्यता मिळाली. रोग बरा होत नाही. औषध रोज, जन्मभर द्यावे लागते. पण घोडा सुखाने चालतो.

दुसरा बिघाड याच्या उलट. हा कामाच्या घोड्याचा नव्हे, बसून खाणाऱ्याचा. मानेवर चरबीची वळी, अंग गोल, आणि एके दिवशी अकस्मात पाय अधू. पूर्वी पुष्कळ पशुवैद्य समजत की अशा घोड्याची अवटू ग्रंथी मंद पडली आहे, आणि तिचा अर्क देत. पुढे तपासाअंती दिसले की मोठ्या घोड्यात तो रोग क्वचितच असतो. खरा गोंधळ साखर साठविणाऱ्या इन्शुलिनचा. २००७ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी धडधाकट तट्टांच्या रक्तात सतत इन्शुलिन सोडले, आणि दोन-तीन दिवसांत त्यांचे खूर दुखू लागले. शालोत्र्याच्या जुन्या कोड्यातला हरवलेला दुवा तो हा. दाणा पोटात जातो, साखर वाढते, इन्शुलिन उसळते, आणि खुराचा आतला थर ढिला पडतो. सर्वच खूरदाह असे नसतात, पण पुष्कळसे असतात. ज्या तट्टांच्या पिढ्या काट्याकुट्यावर जगल्या, ती थोड्यात भागवून साठविण्यात तरबेज असतात. म्हणूनच ऐतखाऊ दिवस त्यांना जास्त बाधतात.

आता आपल्या गावाकडे या. रेल्वे १९०० च्या सुमारास नांदेडला आली आणि बार्शीची अरुंद रेल्वे १९११ साली लातूरला पोहोचली. आगगाडी आली म्हणजे टांगा संपला असे झाले नाही. स्टेशनापासून घरापर्यंतचा रस्ता टांग्याचाच राहिला. टांगेवाला म्हणजे जुना शिलेदारच. घोडा त्याचा, पण भाडे बाजाराचे, आणि चंदी महाग झाली की आधी तोबरा हलका होई, मग घरातली भाकरी. त्याच्या घोड्याच्या कामाच्या वेळा ठरविणारे नियम १९६५ साली झाले: दिवसात एकंदर नऊ तासांहून अधिक काम नाही, सलग पाच तासांहून अधिक नाही, आणि जेथे दुपारी बारा ते तीन या वेळात उष्णता ३७ अंशांच्या वर जाते तेथे त्या वेळात जुंपावयाचे नाही. कारखान्याच्या कायद्यात माणसाला मिळाले तसलेच हे हक्क. पण मराठवाड्याच्या वैशाखात ३७ अंश म्हणजे गार दिवस, आणि तीन तास बसून राहिलेल्या टांगेवाल्याला त्या तासांचे कोण देणार, हे नियमात लिहिलेले नव्हते. मग रिक्षा आल्या आणि टांगे गेले. मुंबईतील हौशी व्हिक्टोरिया गाड्यांना २०१५ साली उच्च न्यायालयाने मनाई केली, तेव्हा घोड्यांची सोय काय आणि गाडीवानांची सोय काय, हे दोन्ही प्रश्न एकाच वेळी उभे राहिले. आम्ही तर म्हणतो ते दोन प्रश्न नव्हेतच.

आज आपल्या भागात घोडा आहे तो वरातीत, यात्रेत, मिरवणुकीत आणि हौसेच्या तबेल्यात. आणि वीटभट्टीवर त्याचे भावंड गाढव आहे. भट्टीवरचे जनावर उपाशी आणि थकलेले. त्याचा रोग कमी खाण्याचा. वरातीची घोडी लग्नसराईत रात्रभर बँडच्या गोंगाटात उभी, आणि सराई सरली की चातुर्मासभर एका जागी बांधलेली. मानाची म्हणून जो येतो तो तिला भिजवलेली हरभऱ्याची डाळ आणि गूळ भरवतो. त्या मायेला आम्ही नावे ठेवीत नाही. पण काम नसताना गूळ आणि दाणा हे तिच्या खुरांना विष होऊ शकते, हे आता कळले आहे. कळले असून न सांगणे हा दोष होईल.

म्हणून संघटनेच्या सवयीने आम्ही या सभेपुढे तीन मागण्या ठेवतो. पहिली, माळेगावच्या बाजारात जसा जनावरांचा दवाखाना बसतो तशी म्हाताऱ्या घोड्या-गाढवांची वेगळी तपासणी व्हावी, आणि उदगीर-परभणीच्या विद्यार्थ्यांनी तिची लेखी नोंद ठेवावी. मराठवाड्यातल्या तट्टांत हे बिघाड किती, हे परदेशच्या आकड्यांवरून नव्हे, आपल्याच नोंदींवरून ठरावे. दुसरी, नालबंदांना या शास्त्रात सामील करून घ्यावे. खुरावरचा पहिला बदल त्यांच्याच हातात येतो. त्यांना शिकविले तर डॉक्टरापर्यंत रोगी वेळेवर पोहोचेल. तिसरी, घोडा पोसणाऱ्या गरिबाला औषधाची मदत मिळावी. रोजचे, जन्मभराचे औषध वीटभट्टीच्या मजुरीतून निघत नाही.

कोणी म्हणेल, खायला काळ आणि भुईला भार झालेल्या जनावरासाठी एवढा खटाटोप कशाला? हाच प्रश्न आम्ही माणसांच्या बाबतीत अनेक टेबलांपुढे ऐकला आहे, आणि प्रत्येक वेळी उत्तर एकच दिले आहे. ज्याने काम केले त्याला म्हातारपण मिळाले पाहिजे, आणि म्हातारपणाच्या दुखण्याला नाव मिळाले पाहिजे. नाव नसेल तर औषध निघत नाही. येत्या मार्गशीर्षात आपण माळेगावी जाल तेव्हा घेणारा घोड्याचे तोंड उघडून दात मोजताना दिसेल. वयावरून भाव पाडण्याची ती रीत. आपण दात झाल्यावर जरा खाली वाकून त्याचे खूरही पाहा, मानेवरून हात फिरवा, अंगावरची लव पाहा, आणि काही वावगे दिसले तर मालकाला चार शब्द समजावून सांगा.